गुणाजीची बांधावरची ड्युटी

गुणाजी वायले आळशी होता असं म्हणणं म्हणजे आळशी माणसांवर अन्याय आहे. आळशी माणसाला काम टाळायचं असतं, आणि टाळायचं म्हटलं तरी थोडी हालचाल आलीच. निमित्त शोधावं लागतं, पोटात कळ आल्यासारखं तोंड करावं लागतं, वेळ आली तर मागच्या दाराने पळावंही लागतं. गुणाजी यातलं काहीच करत नसे. तो नुसता बसायचा. काम त्याच्यासमोर यायचं, जरा वेळ उभं राहायचं, आणि कंटाळून दुसऱ्या कुणाकडे तरी निघून जायचं.

ठाकुर्ली स्टेशनपासून खाडीच्या अंगाला चालत गेलं की त्याचं गाव लागे. डोंबिवलीच्या इमारती तेव्हा अजून लांबूनच टाचा उंचावून गावाकडे बघत होत्या आणि मधे सगळी भाताची शेतं होती. गावातली निम्मी मंडळी एमआयडीसीत नाहीतर रेल्वेत चिकटली होती. गुणाजीही कुठेतरी चिकटला असता, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. म्हणून तो शेतकरी राहिला. शेती त्याची बायको मंजुळा करायची.

मंजुळाचं माहेर टिटवाळ्याकडचं. तिचा भाऊ परशुराम अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होता आणि सुट्टीच्या दिवशी सगळ्या जगाचा फिटर होता. बसलेलं माणूस त्याला बघवत नसे. बहिणीकडे आला की चहा यायच्या आत तो दाराच्या बिजागऱ्या ठोकून घ्यायचा, रहाटाला तेल घालायचा, कोंबड्यांचं खुराडं पूर्वेकडून पश्चिमेला न्यायचा. एकदा तर गुणाजी बाजेवर आडवा असताना त्याने बाजेची दोरी आवळून दिली होती. गुणाजी चार बोटं वर आला, एवढाच फरक.

सासरवाडीला काही ठरवायचं असलं, आंब्याचं झाड कुणाला द्यायचं, विहिरीचा गाळ कधी काढायचा, की सगळे जावई ओटीवर बसत आणि परशुराम एकेकाला विचारी, "तुमचं काय म्हननं हाय?" गुणाजीची पाळी आली की परशुराम आत वळून हाक मारायचा, "अगं, दाजींना चाय द्या गं!"

गुणाजीला तसं कशाचं वाईट वाटत नसे. पण तो चहा त्याला लागायचा. बायकोच्या माणसांनी एकदा, फक्त एकदा, आपल्याला काहीतरी विचारावं, एवढी एकच इच्छा त्याने आयुष्यात बाळगली होती. ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. मंजुळालाही नाही. मंजुळाला ती आपली ठाऊक होती.

आणि चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात शेतीखात्याचे चांगदेव बोरसे गावात आले.

बोरसे नाशिककडचे, वयाने लहान, अंगाने किरकोळ, पण आवाज असा की मारुतीच्या देवळाच्या घंटेला कंप सुटायचा. गाव पारावर जमलं. बोरसेंनी विषय काढला तो थेट राबाचा. आता राब म्हणजे त्या गावचा जीव की प्राण. पावसाच्या आधी, जिथे भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर शेणी, पालापाचोळा, झाडांच्या तोडलेल्या फांद्या पसरायच्या आणि पेटवून द्यायच्या. जमीन भाजली की तण मरतं आणि रोप जोमाने वर येतं. आजा हेच करी, पणजा हेच करी.

"तुम्ही मातीची भाकरी भाजताय, भाऊ!" बोरसे म्हणाले. "डोंगरावरची झाडं ओरबाडायची, शेणासारखं खत जाळायचं, आणि त्यात मातीतला जीवही जाळायचा. त्यापेक्षा बांधावर गिरीपुष्प लावा. त्याचा पाला चिखलात तुडवा. जो शेतकरी तीन वर्षं राब जाळणार नाही आणि बांधावर शंभर झाडं जगवेल, त्याला सरकार दर वर्षी प्रोत्साहनपर रक्कम देणार आहे."

मग शेजारचा धाकू हळूच म्हणाला, "म्हंजे साहेब, जालायचं नाय, त्याचं पैसं?"

"हो."

"नाय जालल्याचं?"

"हो, न जाळल्याचे."

धाकूने क्षणभर विचार केला. "मंग मी तीन वर्सं खाडीवर मासे मारायला गेलो नाय. त्याचं काय होईल का?"

मागून मनुबाई म्हातारी उठली. "माझी सून चार वर्सं घरात काय करीत नाय. तिचं नाव पयलं लिवा."

सून तिथेच बसली होती. तिने सांगितलं की सासूबाईंनीही चार वर्षांत एकदा गोड शब्द काढलेला नाही, तेव्हा दोघींची नावं एकाच पानावर लिहावीत. बोरसेंना सभा आवरेना.

गुणाजी पाराच्या कडेला पिंपळाला टेकून बसला होता. त्याच्या मनात मात्र काहीतरी विलक्षण घडत होतं. जन्मल्यापासून त्याला जो तो विचारत आला होता, अरे हे का केलं नाहीस, ते का केलं नाहीस. आणि आज कल्याणहून एक सरकारी माणूस पायी चालत येऊन सांगत होता की न करण्यालाही किंमत आहे. गुणाजीला गहिवरून आलं. दिल्लीत कुणीतरी आपल्याला ओळखतं असं त्याला वाटलं.

"साहेब," तो म्हणाला, "माझं लिवा."

झाडं लावावी लागतात, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

गिरीपुष्पाला गावात उंदीरमारी म्हणतात. मनगटाएवढा दांडा तोडून पावसाच्या तोंडी जमिनीत खोचला की त्याला पालवी फुटते. झाड लावण्याची याहून सोपी तऱ्हा देवाने केलेली नाही. तरी ते शंभर दांडे मंजुळानेच खोचले. गुणाजीने हरकत घेतली नाही.

पहिल्या पावसाळ्यात गावाने मजा बघितली. सगळ्यांच्या भाजलेल्या तुकड्यांवर रोपं कशी गालिचासारखी, आणि गुणाजीच्या तुकड्यावर रोपांपेक्षा तण उंच. मंजुळा त्यात वाकून वाकून अर्धी झाली. पहिला हप्ता आला तेव्हा गुणाजी नोटा कपाळाला लावणार, तेवढ्यात तिने त्या अलगद काढून घेतल्या.

"राब जालला नाय तो तुमी," ती म्हणाली, "तन काढलंय मी. पैसं कोनाचं?"

त्या पैशांचा कुकर आला. त्याची पहिली शिट्टी ऐकायला अर्धी आळी दारात उभी होती.

पण झाडांची खरी काळजी पुढेच होती. गावात धाकूची एक शेळी होती. पहिल्या वर्षी तिने उंदीरमारीचा वास घेतला आणि एखाद्या मानी बाईसारखी मान फिरवून गेली. दुसऱ्या वर्षी तिला चव कळली. बोरसेंनी सांगून ठेवलं होतं की झाडं शंभरच्या खाली गेली तर योजना बंद. तेव्हा बांधावर कुणीतरी दिवसभर बसणं आलं.

दिवसभर बसणं! मंजुळा ओट्यावर उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवरा बसलेलाच होता. दोघांच्या संसारात असा सोन्याचा क्षण त्याआधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून गुणाजी कामाला लागला. सकाळी एमआयडीसीतल्या कुठल्याशा कारखान्याचा भोंगा झाला की तो टोपी घालून निघायचा. मंजुळाने त्याला तीन खणांचा डबा भरून द्यायला सुरुवात केली. बांध घरापासून दोन शेतं पलीकडे होता. ओट्यावरून त्याच्या टोपीची घडीसुद्धा दिसायची. तरी डबा हवा, कारण ड्युटीवरचा माणूस जेवायला घरी येत नाही. तो बांधाच्या टोकाला बसे. शेळी दुसऱ्या टोकाला येई. दोघं एकमेकांकडे बघत. तास-दोन तासांनी शेळी कंटाळून निघून जाई. बसण्याच्या कामात गुणाजीपुढे टिकणारा जीव त्या पंचक्रोशीत नव्हता.

काही दिवसांनी त्याने रविवारची सुट्टी मागितली.

"कोनाकडं मागताय?" मंजुळाने विचारलं.

"आथा साहेब लांब. घरातलं मोठं मानूस तूच."

रविवारी परशुराम आला, तर गुणाजी घरी बाजेवर. "काय दाजी, बसलाव?"

"बसले नाय," मंजुळा आतून म्हणाली. "आज त्यांचा रविवार हाय."

परशुराम रहाटाचं तेल विसरला. बाकीचे सहा दिवस मेहुणा कामावर जातो हे पचवायला त्याला चहाचे दोन कप लागले. जाताना मात्र तो उंबऱ्याशी घुटमळला आणि म्हणाला, "दाजी, ड्युटी कशी चाललीय?" हा पुरता प्रश्न नव्हता, चौकशी होती. पण गुणाजी त्या आठवड्यात बांधावर जरा ताठ बसला.

तिसऱ्या वर्षी कलावतीचं लग्न ठरलं. कलावती ही त्यांची एकुलती एक लेक. स्थळ दिवा स्टेशनकडचं, मुलगा चांगला, मुलाचे वडील दामाजी रेल्वेत गँगमन. दामाजीला सरकारी माणसाची फार किंमत. बोलणी चालू असताना त्याने मंजुळाला विचारलं, "आमचे व्याही कुठं असतात?"

"बांधावर," मंजुळा म्हणाली.

"नाय, कामाला कुठं?"

"बांधावरच. सरकारी हाय. शेतीखात्याचं."

यात खोटं असं काही नव्हतं. पैसे सरकार देत होतं, बसत गुणाजी होता. दामाजीने मान डोलावली. "साइटवरची ड्युटी म्हना की," तो म्हणाला आणि पसंती देऊन गेला.

लग्न वैशाखातलं. आणि त्याच सुमारास बोरसे शेवटच्या तपासणीला येणार होते. तीन वर्षांच्या न जाळण्याचा आणि दोन वर्षांच्या बसण्याचा निकाल त्या एका तपासणीत लागायचा होता. पास झाला तर गुणाजीने आयुष्यात एक गोष्ट तडीला नेली असं होणार होतं, आणि तेही सासरवाडीच्या डोळ्यांदेखत. नापास झाला, तर पुढचा जन्मभर चहा. तपासणीचा नेमका दिवस बोरसेंनी सांगितला होता, पण तो लक्षात ठेवायचं काम गुणाजीने मंजुळाकडे दिलं होतं, आणि मंजुळाच्या डोक्यात त्या महिन्यात हळद, बुंदी आणि पंगतीच्या पत्रावळी याशिवाय काही राहत नव्हतं.

आता त्या गावच्या मांडवाची रीत सांगायला हवी. लग्नघरी मांडव घालायचा मान मुलीच्या मामाचा. मांडवावर हिरवा पाला पाहिजे, मेढी म्हणजे मांडवाचे खांब ओल्या लाकडाचे पाहिजेत, आणि तो पाला गावात कुणाच्याही बांधावरून तोडावा. त्याला कुणी नाही म्हणायचं नाही. मांडवाच्या पाल्यासाठी जो नाही म्हणतो, त्याच्या घरात मांडव उभा राहत नाही अशी समजूत. घातलेल्या मांडवाला नावं ठेवायची नाहीत, मामाला बोल लावायचा नाही. मामा रुसला तर हळद अडते.

मांडवाच्या दिवशी गुणाजीने ड्युटीवरून रजा घेतली. मंजुळाने ती मंजूर केली आणि त्याला नारळ-सुपारी आणायला कल्याणच्या बाजारात पाठवलं. परशुराम पहाटेच दोघा पोरगेल्या भावकीवाल्यांना आणि बैलगाडीला घेऊन हजर झाला होता. वैशाखाचं ऊन, सगळा शिवार करपलेला, कुठे हिरवं पान नाही. परशुरामने डोळ्यावर हात धरून चहूकडे बघितलं. आणि दोन शेतं पलीकडे, एका बांधावर, एका रांगेत, गर्द हिरवी झाडं त्याला दिसली. सरळ दांडे, मनगटाएवढे. जणू कुणी मांडवासाठीच मुद्दाम लावलेले.

दुपारी गुणाजी नारळाचं पोतं घेऊन रिक्षातून उतरला. अंगणात मांडव उभा होता. असा मांडव त्या गावात कुणी बघितला नव्हता. हिरवागार, दाट, खाली थंडगार सावली. मेढी ओळीने ताठ उभ्या, ओळंबा लावल्यासारख्या; परशुराम फिटर होता हे काही उगाच नाही. बायका म्हणत होत्या, वास जरा उग्र आहे, पण उंदीर फिरकणार नाही.

"कसा काय, दाजी?" परशुराम घाम पुसत म्हणाला. "लांब जायलाच लागलं नाय. तुमच्याच बांधावर सगला माल! गुडघ्याएवढे ठेवून बाकी सपासप आनले. एक सोडला नाय!"

गुणाजीने मांडवाकडे बघितलं. मग दोन शेतं पलीकडे बघितलं. तिथे बांधावर शंभर खुंट उभे होते, न्हाव्याने गडबडीत केलेल्या हजामतीसारखे. धाकूची शेळी त्यांच्यामधून फिरत होती. तिचाही चेहरा पडला होता.

मंजुळाने दारातून नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि तिने पदर तोंडाला लावला. आता हा माणूस काय करतो? रीत आडवी होती. मामाला बोल लावायचा नाही. गुणाजीने नारळाचं पोतं खाली ठेवलं, एका मेढीला टेकला आणि बसला.

"चांगला झालाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हळद. दिव्याहून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन दामाजी आपली माणसं घेऊन आला. बॅन्जो वाजत होता, मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती, कलावतीला पाटावर बसवून बायका हळद लावत होत्या, एकमेकींनाही माखत होत्या. अंघोळीचं हळदीचं पाणी मांडवाच्या मेढींच्या बुडाशी वाहून जात होतं. अशा वेळी अंगणाच्या तोंडाशी एक किरकोळ मनुष्य काखोटीला बॅग मारून उभा राहिला.

"गुणाजीभाऊ!" तो म्हणाला, आणि बॅन्जोवरही त्याचा आवाज ऐकू गेला.

मंजुळाने कपाळावर हात मारला. तिला आत्ता तारीख आठवली.

दामाजीने मात्र ताबडतोब ओळखलं की हा सरकारी माणूस. त्याने पुढे होऊन बोरसेंना खुर्ची दिली. "तुमी आमच्या व्याह्यांचे साहेब?"

"साहेब असा नाही... मी यांची तपासणी बघतो."

"म्हंजे इन्स्पेक्शन! मंग कसे काय आमचे व्याही? हजेरी बरोबर का?"

बोरसे सत्य बोलणारे गृहस्थ होते. "हजेरीचं म्हणाल तर," ते म्हणाले, "मी न कळवता आलो, कळवून आलो, भर उन्हात आलो. हे आपले बांधावर."

दामाजीने आपल्या माणसांकडे वळून बघितलं. "ऐकलं? साइट सोडीत नाय मानूस!"

"चला, तेवढी झाडं बघून घेऊ," बोरसे उठले. "माझी बदली झालीय. शेरा लिहून दिला की मोकळा."

"आमी पन येतो," दामाजी म्हणाला. "व्याह्यांचं काम तरी बगू."

गुणाजी जागचा हलला नाही. मंजुळा काहीतरी बोलायला गेली, पण तिच्या आधी परशुराम हळदीने माखलेले हात पुसत मधे आला. चेहरा अभिमानाने फुलला होता.

"बांधावर कशाला जाताय, साहेब? उनाचं! सगली झाडं इथंच आनलीत की!" आणि त्याने वर बोट केलं.

बोरसेंनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. बॅन्जोवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने वाजवायचं थांबवलं.

"ही..." बोरसे म्हणाले. "ही ती?"

त्यांनी जवळच्या मेढीच्या सालीवरून हात फिरवला.

"तीन वर्षं जगवलेली झाडं तपासणीच्या आदल्या दिवशी? कोणी तोडली?"

परशुरामचा वर केलेला हात तसाच राहिला. आपण काय केलं हे त्याला त्या घडीला उमगलं. त्याच्या अंगावर हळद होती म्हणून रंग उतरलेला दिसला नाही, इतकंच. सगळ्या मांडवाची नजर त्याच्याकडे वळायला लागली, मामाकडे, ज्याच्या मानावर ती हळद चालली होती.

आणि गुणाजी उठला. उभा राहिला. तो आपणहून उभा राहिला हे बघून मनुबाई म्हातारी दोन पावलं मागे सरकली.

"मी तोडली," गुणाजी म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा त्याने एक काम आपल्या नावावर घेतलं होतं, आणि तेवढं नेमकं त्याने केलेलं नव्हतं.

"तुम्ही?" बोरसे म्हणाले.

"पोरीचा मांडव हाय, साहेब. हिरवा नको? तुमी लिवा नापास. पैसं पन नको. फकस्त मांडवाला हात लावू नका."

दामाजी दोघांकडे आळीपाळीने बघत होता. साइटवरच्या ड्युटीचा सगळा उलगडा त्याला हळूहळू होत होता. झाडं राखायची, आणि ती राखणाऱ्याने लेकीच्या मांडवाला घातली. गँगमनच्या नोकरीत त्याने रुळावरचं काही कधी घरी आणलं नव्हतं, पण आणायची वेळ आली असती तर याच कारणासाठी आणलं असतं, असं त्याच्या तोंडावर दिसायला लागलं. तो गुणाजीजवळ जाऊन उभा राहिला, एवढंच.

बोरसेंनी बॅगेतून कागद काढला. तेवढ्यात कलावतीच्या मावश्यांनी विचार केला, साहेब असला तरी पाहुणा आहे, आणि हळदीच्या घरी पाहुणा कोरडा जाता कामा नये. दोघींनी दोन बाजूंनी त्यांचे गाल माखले. मग हात. मग कागद. पेन हातातून सुळकन निसटलं आणि बुंदीच्या परातीखाली गेलं.

"हे आता लिहिता येणार नाही," बोरसे हळदीतून डोळे उघडत म्हणाले. "माझ्या जागेवरचा माणूस अजून यायचाय. पाऊस पडला की मीच येतो. तेव्हा काय असेल ते लिहीन. तोवर बुंदी तरी द्या."

लग्न लागलं. कलावती दिव्याला गेली. पूजा झाली, पाहुणे पांगले. आता रीतीप्रमाणे मांडव काढायचा होता, आणि ते काम घरच्या पुरुषाचं.

"मांडव काढा," मंजुळा म्हणाली.

"काढतो," गुणाजी म्हणाला.

ती रोज सांगायची, तो रोज काढतो म्हणायचा. मांडवाखाली बाज टाकून बसायला त्याला फार बरं वाटे. बांधावर आता राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. डबा बंद झाला. वरचा पाला वाळून गळून गेला, पाऊस आला, मेढी भिजत उभ्या राहिल्या. परशुराम त्या हळदीपासून फिरकला नव्हता. शेवटी मंजुळाने त्याला निरोप धाडला, बाबा, तूच ये आणि काढ, तुझ्या दाजींचा मांडव आता दिवाळीपर्यंत हलत नाही.

परशुराम कोयता घेऊन आला. मान खाली. दाजींकडे न बघता त्याने कोपऱ्यातल्या मेढीला हात घातला आणि उपटायला गेला. मेढ हलेना. त्याने दोन्ही हातांनी ओढली. हलेना. मग त्याने नीट बघितलं आणि किंचाळला, "मंजे! अगं मंजे!"

मेढीला पालवी फुटली होती. हिला फुटली होती, शेजारच्या मेढीला फुटली होती, दाराजवळच्या मुहूर्तमेढीला तर हातभर. ओला दांडा, हळदीचं पाणी, वरून पाऊस. उंदीरमारीला याहून जास्त काय लागतं? ज्याला मांडव मोडायचा कंटाळा, त्याचा मांडवच उगवून आला होता. मंजुळा धावत बाहेर आली. तिने मेढींकडे बघितलं, मग तिला काहीतरी सुचलं आणि ती तशीच दोन शेतं पलीकडे पळाली. बांधावरच्या शंभर खुंटांना चहूबाजूंनी धुमारे फुटले होते. एकेका खुंटातून चार-चार काठ्या वर आल्या होत्या. झाड छाटलं की दाट होतं हे बोरसेंनी पहिल्या सभेतच सांगितलं होतं, पण तेव्हा मनुबाई आणि तिची सून भांडत होत्या.

बोरसे आले तेव्हा पाऊस उघडला होता. त्यांनी बांधावर जाऊन खुंट मोजले. शंभर भरले. मग अंगणात येऊन ते मेढी मोजायला लागले आणि मधेच थांबले.

"गुणाजीभाऊ, इथे घोटाळा आहे."

मंजुळा पुढे झाली. "आथा काय?"

"झाडं जास्त झाली, वहिनी. कमी असली तर काय लिहायचं ते मला ठाऊक आहे. जास्त झाल्याचं आमच्याकडे आजवर कधी झालं नाही." त्यांनी डोकं खाजवलं. "बांधावरची शंभर तुमची. ती पास. पण ही अंगणातली कोणाची? कोणी लावली?"

परशुराम कोपऱ्यात उभा होता. कोयता पाठीमागे लपवलेला. गुणाजीने बाजेवरूनच मान वळवली.

"ही त्याने लावली. माझ्या मेव्हन्याने. माझा हात नाय लागला."

हे मात्र खरं होतं. बोरसे परशुरामजवळ गेले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. "वा! काय सरळ ओळी! काय अंतर! अहो, आम्ही शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं सांगतो, असं लावा म्हणून. तुम्ही फिटर ना?" झाडं तोडल्याबद्दल शाबासकी मिळालेला तो तालुक्यातला पहिला माणूस असावा.

बोरसेंनी शेरा लिहिला, या खेपेला मंजुळाने पेनाला कुणाला हळद लावू दिली नाही, आणि ते नाशिककडे बदलीवर गेले. शेवटचा हप्ता आला. तो मंजुळानेच घेतला आणि दिव्याला लेकीसाठी एक कुकर धाडला.

मांडव आजही मोडलेला नाही, असं काही वर्षं गाव म्हणत असे. खरं तर तो मोडण्यापलीकडे गेला होता. अंगणात झाडांचं एक चौकोनी रान झालं. दामाजी दिव्याहून आला की मुद्दाम त्या सावलीत बसायचा आणि सोबत आणलेल्या रेल्वेतल्या माणसांना सांगायचा, "हा आमच्या पोराच्या लग्नाचा मांडव. हात लावून बगा, जिता हाय."

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी परशुराम आला. आल्या आल्या त्याच्या डोळ्यांना सगळीकडे कामच काम दिसायला लागलं. फांद्या दारावर आलेल्या, एक खिडकीत घुसलेली, दोन एकमेकींत अडकलेल्या. त्याने कमरेचा कोयता काढला, सवयीने हात उचलला, आणि तो हात तिथेच थांबला. त्याने बाजेकडे बघितलं. खाली मान घालून तो बाजेजवळ आला.

"दाजी," तो म्हणाला, "या छाटायला झाल्यात असं मला वाटतं. तुमचं काय म्हननं हाय?"

मंजुळा दारात चहाचा कप घेऊन उभी होती. ती पुढे आलीच नाही. कपातला चहा निवत गेला.

गुणाजीने वर फांद्यांकडे बघितलं. मग परशुरामकडे. घाई करण्यासारखा प्रश्न नव्हता. त्याने पाय जरा लांब केले, टोपी मागे सारली आणि पुष्कळ वेळ विचार केला. एवढा वेळ परशुराम जन्मात एका जागी उभा राहिला नव्हता. तो उभा राहिला.

"श्रावनात बगू," गुणाजी म्हणाला.

"बरं," परशुराम म्हणाला, आणि कोयता कमरेला खोचून बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसला.